"थोडंसंच दिलं हो" म्हणणाऱ्यांच्या हाती मूल सोपवताना

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा चार वर्षांचा, दूध आणि शेंगदाणा दोन्हीची सिव्हिअर ॲलर्जी, दीड वर्षाचा असताना एकदा ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे अंगभर पसरणारी जीवघेणी रिॲक्शन, होऊन ॲडमिट झालेला. आता तुम्ही परत नोकरी सुरू करताय आणि तो अर्धा दिवस शाळेत, अर्धा दिवस आजी-आजोबांकडे राहणार. मागे नणंदेनं "बघूया तरी" म्हणून चमच्याच्या टोकावर आइस्क्रीम चाटवलं, नशिबानं नुसतं तोंडाभोवती लाल झालं, आणि तेव्हापासून सगळ्यांचं मत असं की तुम्ही उगाच बाऊ करता. तर या लोकांना समजवायचं कसं, असं विचारलंय तुम्ही.

मी एकवीस वर्षं मुलांच्या ॲलर्जी बघतेय आणि सुरुवातीची बरीच वर्षं मीही हेच करायचे, समजवत बसायचे. आजी-आजोबांना मुद्दाम बोलावून घ्यायचे, कागदावर चित्रं काढून दाखवायचे की शरीर कसं दुधाला शत्रू समजतं वगैरे, ते छान मान डोलवायचे, "कळलं हो डॉक्टर" म्हणायचे आणि महिन्याभरात त्याच घरातून फोन यायचा. मग माझ्या लक्षात आलं की पटणं आणि करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सासूबाईंना ॲलर्जी पटली नाही तरी चालेल, खरंच चालेल, पण तुम्ही दिलेल्या डब्याबाहेरचं काही द्यायचं नाही आणि वेळ आली तर मांडीत ॲड्रेनलिनचं, म्हणजे ही रिॲक्शन थांबवणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन मारायचं, एवढं त्यांच्या हातून झालं पाहिजे. सगळी शक्ती तिकडे लावा.

हे मी उगाच म्हणत नाहीये. अमेरिकेत ५१२ लहान मुलांचा अभ्यास झाला होता, दुधाची किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली किंवा तसा दाट संशय असलेली ही मुलं, साधारण तीन वर्षं त्यांच्या मागावर राहून प्रत्येक रिॲक्शन लिहून ठेवली, २०१२ मध्ये ते छापून आलं. त्यातल्या निम्म्या रिॲक्शनमध्ये तो पदार्थ आईवडलांनी दिलेलाच नव्हता, दुसऱ्या कुणीतरी दिला होता. आणि दूध, अंडं, शेंगदाण्याच्या रिॲक्शनपैकी साधारण ११ टक्के वेळा तो मुद्दाम दिलेला होता! म्हणजे तुमच्या नणंदबाई एकट्या नाहीत, "बघूया तरी" हा जगभरचा आजार आहे. पण मला त्या अभ्यासातली तिसरी गोष्ट जास्त भीतीदायक वाटते. ज्या रिॲक्शन खरोखर गंभीर होत्या त्यातल्या फक्त ३० टक्क्यांच्या आसपास मुलांना ॲड्रेनलिन मिळालं. का नाही मिळालं? तर हे गंभीर आहे हे ओळखलंच नाही, किंवा औषध जवळ नव्हतं, किंवा टोचायची भीती वाटली. या तीन कारणांत "ॲलर्जीवर विश्वास नव्हता" हे कुठे दिसतंय का तुम्हाला?

त्याहून जुना, १९९२ चा एक पेपर आहे, तो मी प्रत्येक शिकाऊ डॉक्टरला वाचायला लावते. १३ मुलं, वयं २ ते १७, सहा गेली आणि सात मरता मरता वाचली. सगळ्यांना ॲलर्जी आहे हे आधीपासून माहीत होतं, सगळ्यांनी नकळत खाल्लं, आणि ते कशात होतं तर गोळी, बिस्कीट, पेस्ट्री असल्याच गोष्टींत. गेलेल्या सहांपैकी पहिल्या तासात ॲड्रेनलिन मिळालं फक्त दोघांना. वाचलेल्या सातांपैकी एक सोडून सगळ्यांना अर्ध्या तासाच्या आत मिळालं होतं. म्हणजे एकाच जातीच्या रिॲक्शन, फरक काय तो घड्याळाचा.

आता ही मिनिटं वाया कुठे जातात ते सांगते, कारण माझ्या मते सगळा मुद्दा इथेच आहे. माझ्याकडची एक मुलगी, साडेपाच वर्षांची, काजूची ॲलर्जी. मैत्रिणीच्या घरी खेळायला गेली होती, तिथल्या काकूंनी बिस्कीट दिलं, दहा मिनिटांत मुलगी ओठ चोळायला लागली. काकूंना लगेच कळलं की आपली चूक झाली, आणि त्यांनी काय केलं तर रॅपर शोधून वाचलं, मग मुलीला चूळ भरायला लावली, मग घरातलं खाजेचं सिरप दिलं, मग दहा मिनिटं वाट बघितली की उतरतंय का, मग आईला फोन लावला तर तो सायलेंटवर. इंजेक्शनचा पाऊच तिथेच, मुलीच्या दप्तरात, हाताच्या अंतरावर होता. आईनं फोन उचलला तेव्हा मुलगी खोकत होती आणि एकेका शब्दाला दम लागत होता. वाचली, पण आयसीयूत दोन रात्री काढून. नंतर त्या काकू माझ्याकडे येऊन रडल्या, म्हणाल्या मला वाटलं सिरपनं उतरलं तर कुणाला सांगायची वेळच येणार नाही.

हे वाक्य मी विसरू शकत नाही. बाई वाईट नव्हती, निष्काळजीही नव्हती, बाई घाबरली होती, आणि मुलीपेक्षा मुलीच्या आईला घाबरली होती.

म्हणून पहिलं काम, आणि हे आजच करा. आजी, आजोबा, नणंद, शाळेतल्या बाई, ज्यांच्याकडे तो थोडा वेळ जरी राहणार त्या प्रत्येकाला आधीच माफी देऊन टाका. अगदी तोंडानं म्हणायचं, "आई, चुकून काही दिलं गेलं तर मी एक शब्द बोलणार नाही, आयुष्यात कधीच नाही, फक्त त्याच मिनिटाला सांगायचं." आणि दुसरं, "इंजेक्शन द्यायला माझी परवानगी लागत नाही, मला फोन इंजेक्शननंतर करायचा, उगाच दिलं गेलं तरी मी पाया पडेन तुमच्या." हे म्हणताना आतून चरफडायला होतं मला माहितीये, विशेषतः आइस्क्रीमच्या प्रसंगानंतर. पण तुमचा राग घरात ज्याला त्याला माहीत असला ना, तर तो राग मुलाच्या जिवावर उठतो, लोक लपवतात. नणंदेवरचा राग माझ्यापाशी काढा हवं तर, त्यांच्यापाशी नको.

नणंदेच्या प्रयोगाबद्दल बोलायचंच तर, एवढंच सांगा की ही टेस्ट खरोखर असते, आम्ही करतो ती, फूड चॅलेंज म्हणतात तिला, पण हॉस्पिटलमध्ये, ॲड्रेनलिन भरून शेजारी ठेवून, मोजून मापून वाढवत, नर्स समोर बसलेली असताना. आणि तेव्हा थोडक्यात निभावलं म्हणजे ॲलर्जी सौम्य, असा अर्थ निघत नाही. तेच मूल, तोच पदार्थ, तरी एकदा नुसतं लाल होतं आणि एकदा श्वास अडकतो. किती पोटात गेलं, त्या दिवशी ताप आहे का, नुकतंच पळून आलाय का, दमा कंट्रोलमध्ये आहे का, यावर ते फिरतं. दम्यावरून आठवलं, त्याला दमा असेल आणि पंप वेळेवर चालू नसेल तर बाकी सगळ्याआधी ते नीट करा, दमा ढिला असलेल्या मुलांची रिॲक्शन सगळ्यात वाईट जाते.

मोठ्यांच्या डोक्यात काही ठराविक गैरसमज असतात, त्यांवर वाद न घालता एकेका ओळीत उत्तर द्यायचं. दूध पचत नाही म्हणजे लॅक्टोज ना, मग लॅक्टोज फ्री चालेल? नाही, त्यात साखर काढलेली असते, प्रोटीन तसंच असतं, आणि भांडण प्रोटीनशी आहे. बकरीचं दूध? गायीच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या बहुतेक, म्हणजे दहातल्या नऊ मुलांना, ते पण चालत नाही. ए टू दूध? ते पण दूधच. उकळलं, भाजलं की जातं ना? शेंगदाण्याचं तर भाजल्यावर उलट आणखी तापदायक होतं. वरचे दाणे काढून दिले तर? नाही. थोडं थोडं दिलं की सवय होते ना? याचं उत्तर जरा अवघड आहे, कारण ओरल इम्युनोथेरपी म्हणून हेच एका पद्धतीनं करतात, रोज मोजून मिलिग्रॅममध्ये, पहिला आणि प्रत्येक वाढीव डोस डॉक्टरसमोर. पुढेमागे तुमच्या मुलाला ती सुरू झाली तर आजीला दिसणार की हा रोज शेंगदाण्याची पावडर खातोय आणि काही होत नाहीये, मग मूठभर दाण्यांनी काय बिघडतं. बिघडतं. डोस म्हणजे औषध, खाऊ नाही, आणि डोसनंतर दोनेक तास पळापळसुद्धा नको असते, हे आजोबांना माहीत असायला हवं कारण ग्राउंडवर तेच नेणार.

असाच आणखी एक घोळ भाजलेल्या दुधाचा. दुधाची ॲलर्जी असलेल्या बऱ्याच मुलांना भरपूर वेळ ओव्हनमध्ये भाजलेल्या केकमधलं दूध चालतं, कारण उष्णतेनं आणि पिठात मिसळून त्या प्रोटीनचा आकार बदलतो. छान गोष्ट आहे, पण घरात सांगताना फार जपून. "केक चालतो" एवढंच ऐकलेली मावशी क्रीम लावलेला तुकडा देते, आणि क्रीम काही भाजलेलं नसतं. तुमच्या डॉक्टरांनी तपासून परवानगी दिली असली तरी इतर मोठ्यांसाठी माझा नियम एकच, दूध म्हणजे नाही, कुठल्याच रूपात नाही. बारकावे फक्त आईवडलांकडे ठेवायचे.

याच कारणासाठी मी आजी-आजोबांना लेबल वाचायला शिकवत नाही. हे ऐकून काही पालक नाराज होतात. पण बघा, युरोपात १४ ॲलर्जन, म्हणजे ॲलर्जी करणारे पदार्थ, लेबलवर सांगावे लागतात, अमेरिकेत ९, त्यातला तीळ तर २०२३ पासून आलाय, म्हणजे देशागणिक यादी वेगळी. दूध कधी केसीन म्हणून येतं, कधी व्हे म्हणून. "असू शकतं" छापाची जी सूचना असते ती बहुतेक ठिकाणी कंपनीच्या मर्जीवर आहे, म्हणजे ती नाहीये याचा अर्थ धोका नाही असा होत नाही. आणि तोच ब्रँड, तेच पाकीट, तरी कंपनी रेसिपी बदलते, म्हणून आम्ही पालकांनासुद्धा सांगतो की दर खरेदीला परत वाचा. सत्तरीतल्या माणसाकडून ही अपेक्षा ठेवायची आणि चुकलं की त्याला दोष द्यायचा, हे बरोबर नाही.

त्याऐवजी डबा. एका ठसठशीत रंगाचा डबा, समजा पिवळा, त्यात त्याचं दिवसाचं सगळं खाणं आणि शिवाय न नासणारा जादा खाऊ, म्हणजे कुणी अचानक चॉकलेट घेऊन आलं की आजीला "नाही" म्हणायची वेळ येत नाही, "हे घे तुझं" म्हणता येतं. आजीला नुसतं नाही म्हणायला लावलंत ना तर तुमची व्यवस्था महिनाभर टिकणार नाही. खाऊ घालणं ही त्यांची माया करायची पद्धत आहे, ती तुम्ही काढून घेताय, बदल्यात काहीतरी द्या. मी एका आजींना सुचवलं होतं की डब्यात काय भरायचं ते रविवारी नातवाबरोबर बसून तुम्हीच ठरवा, पदार्थ आईनं पास केलेले, निवड तुमची. त्या आजी आता माझ्या क्लिनिकमधल्या सगळ्यात कडक पहारेकरी आहेत, बाकीच्या नातेवाइकांना दारातच अडवतात.

नियम असा की पिवळ्या डब्यात नाही ते तोंडात नाही. त्यात "यात दूध असेल का?" हा प्रश्नच उरत नाही. वास घेऊन, चव बघून, अंदाज बांधून कुणी ठरवायचं नाही. त्याची ताटली, चमचा, पाण्याची बाटली वेगळी, आणि चमच्याकडे जास्त लक्ष, कारण एकाच डावानं सगळ्यांना वाढणं हे इतकं हातात बसलेलं असतं की कळतसुद्धा नाही.

वासानं होतं का, हात लागून होतं का, हेही तुम्ही विचारलंय. इथे मात्र जरा निर्धास्त व्हा. तीव्र शेंगदाणा ॲलर्जी असलेल्या ३० मुलांवर एक प्रयोग झालाय, त्यांच्या त्वचेला पीनट बटर लावलं आणि नंतर वास घ्यायला लावला, काहींना लावलेल्या जागी खाज आणि लाली आली पण अंगभर रिॲक्शन किंवा श्वासाचा त्रास एकालाही नाही. म्हणजे खोलीत कुणी शेंगदाणे खाल्ले म्हणून पळत सुटायची गरज नाही. भीती आहे ती हातावरून तोंडात जाण्याची, आणि चार वर्षांचं मूल दिवसभर बोटं तोंडात घालतं. उकळत्या दुधाची वाफ तोंडावर घेणं वेगळं, तेव्हा त्याला गॅसपाशी उभं करू नका. हात धुवायला साबण पाहिजे, किंवा ओले वाइप्स, सॅनिटायझरनं जंतू मरतात, शेंगदाण्याचं प्रोटीन हातावर तसंच राहतं, हे मोजून बघितलेलं आहे. आणि पापी. आजोबांनी शेंगदाणे खाल्ले असतील तर लगेच गालाची पापी नको, लाळेत ते राहतं. बहुतेकांच्या तोंडातून तासाभरात जातं, पण भरवसा हवा असेल तर काही तास जाऊ द्यायचे आणि मधे दुसरं काहीतरी जेवून घ्यायचं.

आता ओळखायचं कसं. मोठ्यांना वाटतं अंगावर पित्त उठलं म्हणजे ॲलर्जी, नाही उठलं म्हणजे नाही. तर १० ते २० टक्के ॲनाफिलॅक्सिसमध्ये त्वचेवर काहीच दिसत नाही, आणि तीच केस चुकते. लहान मूल "मला श्वास घेता येत नाहीये" असं म्हणत नाही. ते म्हणतं जीभ चावतेय, तोंडात केस आहे, घशात काहीतरी बसलंय, कानात गुदगुल्या होतायत. किंवा काहीच म्हणत नाही, जीभ दातांनी खरवडतं, गळ्यापाशी हात नेतं, आवाज बसतो, उगाच रडका होतो, एकदम येऊन मांडीत झोपतो. खेळणारं मूल खाल्ल्यानंतर अचानक गप्प झालं ना, की मी पहिल्यांदा तिकडे वळते. आजीला हे सगळं पाठ करायला सांगू नका. त्यांना दोन ओळी द्या. एक, खाल्ल्यानंतर श्वास, आवाज, खोकला, गिळणं यात काहीही बदल किंवा मूल गळून पडलं, तर इंजेक्शन. दोन, शरीराच्या दोन ठिकाणी एकदम काहीतरी, म्हणजे अंगावर पित्त आणि उलटी, किंवा ओठ सुजले आणि पोटात कळ, तरी इंजेक्शन. नुसती तोंडाभोवती खाज असेल तर पाऊच हातात घेऊन त्याच्याकडे बघत बसायचं, खोली सोडायची नाही. तुमच्या डॉक्टरांनी लिहून दिलेला प्लॅन याहून कडक असेल तर तो पाळायचा.

खाजेच्या सिरपबद्दल एकदाच सांगते. ते खाज घालवतं. घशाची सूज आणि पडणारं बीपी त्यानं थांबत नाही, आणि काम सुरू करायलाही ते बराच वेळ घेतं. घरातल्या पाऊचमध्ये सिरप आणि इंजेक्शन शेजारी शेजारी असलं की घाबरलेला माणूस दहातल्या दहा वेळा सिरपच उचलतो, कारण ते सोपं. म्हणून माझ्या पेशंटच्या पाऊचमध्ये मी सिरप ठेवूच देत नाही, ते वेगळ्या कपाटात.

इंजेक्शन मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, पँटवरून चालतं फक्त खिसा आणि जाड शिवण टाळायची. दंडात नाही. मुलांमध्येच मोजलेलं आहे, मांडीच्या स्नायूत दिलं तर रक्तात सगळ्यात जास्त पातळी साधारण ८ मिनिटांत येते, कातडीखाली दिलं तर ३४ मिनिटं लागतात. १५ ते ३० किलोच्या मुलाला साधारणपणे ०.१५ मिलिग्रॅमचा पेन, म्हणजे मांडीला दाबलं की आपोआप डोस देणारं तयार इंजेक्शन, असतो, पुढे ०.३ चा, तुमच्या मुलाचं दर भेटीला वजन करून डॉक्टर ठरवतील. जिथे पेन मिळत नाही तिथे डॉक्टर भरलेली सिरिंज देतात, ती चालते, पण ती ठरलेल्या तारखेला बदलावी लागते आणि कुणाचा हात थरथरत असेल तर त्याला अवघड जाते. २०२४ मध्ये अमेरिकेत आणि युरोपात नाकात मारायचा ॲड्रेनलिनचा स्प्रेही मंजूर झालाय, सुईला घाबरणाऱ्या आजीआजोबांसाठी मला त्यातून बरीच आशा आहे. तुमच्याकडे जे मिळतं ते घ्या, पण दोन घ्या, आणि दोन्ही एकत्र ठेवा, एक इथे एक तिथे असं नाही, कारण पाच ते पंधरा मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरा डोस द्यायचा असतो.

आणि सराव. सुई नसलेला ट्रेनर पेन मिळतो, तो आणा. मागच्याच महिन्यात एक आजोबा आले होते, रिटायर्ड इंजिनिअर, म्हणाले मला दाखवायची गरज नाही, मी व्हिडिओ बघितलाय. मी ट्रेनर हातात दिला आणि म्हटलं करा. त्यांनी निळी टोपी काढली, पेन मुठीत धरला आणि अंगठा नेमका नारिंगी टोकावर ठेवला, जिथून सुई येते. खरा पेन असता तर औषध त्यांच्या अंगठ्यात गेलं असतं आणि नातू तसाच राहिला असता. ते स्वतःच हसले, मग गंभीर झाले, मग दहा वेळा केलं. अकराव्या वेळी मी सांगितलं चष्मा काढून करा, कारण रात्री दोन वाजता चष्मा सापडणार नाही. त्या पेनचं ते निळं वर, नारिंगी मांडीला, दाबून धरून तीन आकडे मोजायचे. दुसऱ्या कंपनीच्या पेनचे रंग आणि सेकंद वेगळे असतात, म्हणून तुमच्याकडच्याच पेनचा ट्रेनर घ्या. मुलाचा पाय आधी घट्ट धरायचा, हे कुणी सांगत नाही. मूल लाथ मारतं आणि सुईनं मांडी चिरली जाते, तसं झालेलं आहे. मांडीत आडवा घेऊन, त्याचे दोन्ही पाय आपल्या पायांच्या मधे अडकवून, एका हातानं गुडघा दाबून. आजीआजोबा दोघं असतील तर एकानं धरायचं, एकानं मारायचं, आणि कोण काय करणार हे आजच ठरवायचं.

उगाच दिलं गेलं तर काय होईल, हे सगळे विचारतात. छाती धडधडेल, हात थरथरतील, चेहरा पांढरा पडेल, मूल रडेल, अर्ध्या तासात सगळं ओसरेल. धडधाकट मुलाला या डोसनं यापलीकडे सहसा काही होत नाही. द्यायला हवं होतं आणि दिलं नाही, त्याचं काय होतं ते वर लिहिलंच आहे.

दिल्यानंतर त्याला आडवं ठेवायचं, पाय उशीवर. श्वासाला त्रास होत असेल तर टेकून बसवायचं पण पाय लांब, उलटी होत असेल तर कुशीवर. आणि उचलून उभं करायचं नाही, कडेवर घेऊन पळायचं नाही, "चल बाळा गाडीत बस" म्हणून चालवायचं नाही. ब्रिटनमधल्या ॲनाफिलॅक्सिसच्या मृत्यूंच्या नोंदी तपासून २००३ मध्ये एक पेपर आला होता, त्यात काही माणसं आडवी होती तोवर तग धरून होती आणि उठवून बसवल्याबरोबर गेली. बीपी पडलेलं असताना उभं केलं की हृदयाकडे रक्तच पोचत नाही. अँब्युलन्स बोलवायची, आणि इंजेक्शननं बरं वाटलं तरी हॉस्पिटलात जायचंच, कारण काही तासांनी परत उसळी येऊ शकते, काही खाल्लेलं नसतानाही. तिथे निदान चार ते सहा तास ठेवून घेतात, "आता बरा आहे, घरी नेतो" म्हणून भांडायचं नाही.

शाळेचं. मुख्याध्यापकांना पत्र देऊन काम झालं असं समजू नका, पत्र फाइलमध्ये जातं. ज्या बाई त्याच्याबरोबर मधल्या सुट्टीत बसतात त्यांना भेटा, आणि त्या रजेवर असताना येणाऱ्या बाईंनाही, आणि बसमधल्या ताईंना. पेन कुठे आहे हे विचारू नका, "दाखवा" म्हणा. मी एका शाळेत गेले होते तिथे पेन ऑफिसच्या कपाटात कुलपात होता आणि किल्ली ज्यांच्याकडे ते जेवायला घरी गेलेले. पेन वर्गात, मोठ्यांच्या हाताच्या उंचीवर, बिनकुलपी. फ्रीजमध्ये नाही, उन्हात किंवा गाडीत नाही, औषध तपकिरी झालं की बाद. प्लॅन एका पानावर, त्याचा फोटो लावून, एवढ्या मोठ्या अक्षरात की दोन हातांवरून वाचता येईल. आणि त्याला वेगळ्या कोपऱ्यात एकटं बसवून प्रश्न सोडवला असं शाळा म्हणाली तर ऐकू नका, एका बाजूला सुरक्षित डबा असलेला मित्र बसवता येतो. २०१० च्या एका अमेरिकन पाहणीत फूड ॲलर्जीवरून चिडवलं जाणाऱ्या मुलांपैकी साधारण पाचातल्या एकानं चिडवणाऱ्यांत शिक्षक किंवा शाळेतल्या स्टाफचं नाव घेतलं होतं. "याच्यामुळे आज कुणालाच केक नाही" असं वर्गासमोर म्हणणं हे त्यातच आलं. बाईंना ते चेष्टेचं वाटतं, मूल मात्र त्यानंतर तोंडाला खाज सुटली तरी सांगत नाही.

वाढदिवसांना पाठवा, पहिली दोन-तीन वर्षं तुम्ही किंवा त्याचे बाबा बरोबर जा, पिवळा डबा घेऊन, बास.

मुलाला स्वतःला चार वर्षांत एवढं येऊ शकतं की "आई, आजी किंवा बाईंनी डब्यातून दिलं तरच खातो" आणि "माझं तोंड वेगळं लागतंय". ही दोन वाक्यं खेळात म्हणून घ्या. आणि घरातल्या मोठ्यांसमोर त्याला सांगा की खाण्याला नाही म्हटलं तर तो उद्धटपणा नाही, कुणीही रागावणार नाही. हे त्याच्यापेक्षा त्या मोठ्यांनी ऐकावं म्हणून. पण राखण त्याच्यावर सोपवू नका, मोठ्यांनी प्रेमानं पुढे केलेला हात चार वर्षांचं मूल किती वेळा परतवणार.

नोकरी सुरू व्हायला अजून तीन आठवडे आहेत म्हणालात, पुरेसे आहेत. पहिला आठवडा तुम्ही घरात असताना सगळं आजीआजोबांनीच बघायचं आणि तुम्ही नुसतं बसायचं, हात बांधून, हे सगळ्यात कठीण जाईल. दुसऱ्या आठवड्यात दोन तास बाहेर जा. तिसऱ्या आठवड्यात एके दिवशी चारच्या सुमारास, न सांगता, बाहुली किंवा उशी आजोबांच्या मांडीत टाका आणि म्हणा, "ओठ सुजलेत, उलटी झाली, खोकतोय," आणि मोबाइलवर स्टॉपवॉच लावा. ट्रेनर पेन पाऊचमध्ये खऱ्या पेनच्या जागी आधीच ठेवलेला असू द्या. पहिल्यांदा तीन-चार मिनिटं लागतील, माझ्या पेशंटच्या घरी लागतातच. ओरडू नका. पाऊच कुठल्या खोलीत होता, चेन अडकली का, त्यांनी आधी तुम्हाला हाक मारली का, एवढं बघा, पाऊच जागेवरून हलवा, आणि दुसऱ्या दिवशी परत उशी टाका.